दुरुस्ती निघाली, पण पोहोचली कुठे? विनरारमधल्या एका त्रुटीचा प्रकरण अभ्यास

२०२३च्या एप्रिलपासून शेअर, परकीय चलन आणि क्रिप्टो यांत व्यवहार करणाऱ्या लोकांच्या चर्चामंचांवर एका ठरावीक थाटाच्या पोस्ट येऊ लागल्या. कुणीतरी बिटकॉइनमध्ये पैसे कमावण्याची आपली खास पद्धत फुकटात वाटतोय, सोबत झिप फाइल जोडली आहे, हवी त्याने उतरवून घ्यावी. ती विनरारमध्ये (अनेक फाइली एकत्र आवळून केलेल्या ‘अर्काइव्ह’ फाइली उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडली की आत एखादं चित्र किंवा पीडीएफ दिसायची. तिच्यावर डबल-क्लिक केलं की चित्र खरोखरच उघडायचं, त्यामुळे काही बिनसल्याची शंका यायला जागाच नव्हती. पण क्लिक आणि चित्र यांच्या मधल्या क्षणात एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, चालून गेलेली असायची आणि तिने संगणकात मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) बसवलेलं असायचं.

ग्रुप-आयबी या सायबर सुरक्षा कंपनीचे संशोधक डार्कमी नावाच्या मालवेअरचा माग काढत होते. १० जुलै २०२३ रोजी त्यांच्या हाती या फाइली लागल्या. तोवर हा उद्योग तीन महिने बिनबोभाट चालला होता. किमान आठ मंचांवर फाइली फिरल्या होत्या, आणि अहवाल लिहिला गेला तेव्हा असे व्यवहार करणाऱ्या १३० जणांचे संगणक बाधित असल्याचं कंपनीला दिसत होतं. काही मंचांच्या चालकांना आधीच वास आला होता. त्यांनी सभासदांना सावध केलं, पोस्ट टाकणाऱ्यांची खाती बंद केली. एका ठिकाणी चालकांनी बंद केलेली खाती हल्लेखोरांनी परत उघडून पुन्हा फाइली टाकल्याचंही आढळलं. डार्कमीबरोबर गुलोडर आणि रेमकॉस ही जुनी, ओळखीची मालवेअरंही याच मार्गाने आत शिरत होती. सगळा रोख दलालांकडच्या खात्यांवर होता: तिथवर पोहोचायचं आणि पैसे काढायचे.

इथपर्यंतची कथा सायबर गुन्ह्यांच्या बातम्यांत नेहमी भेटणारी आहे. मी हे प्रकरण निवडलं ते पुढच्या भागासाठी. त्रुटी विनरार बनवणाऱ्या कंपनीला कळवली गेली, तिने तीन आठवड्यांच्या आसपास पक्की दुरुस्ती काढली, म्हणजे सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झालं. आणि या त्रुटीचा सर्वांत मोठा, सर्वांत नावाजलेल्या टोळ्यांकडून झालेला वापर त्या दुरुस्तीनंतरचा आहे.

स्पेसबारची करामत

आधी त्रुटी समजून घेऊ, कारण ती समजायला अवघड नाही आणि तिच्यातच पुढच्या घोळाची बीजं आहेत.

अर्काइव्ह पूर्ण न सोडवता आतल्याच एखाद्या फाइलवर डबल-क्लिक केलं, तर विनरार ती फाइल आधी विंडोजच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतो आणि मग विंडोजला सांगतो, आता ही उघड. आपल्यापैकी बहुतेक जण हेच करतात. एक चित्र बघायला अख्खं अर्काइव्ह कोण सोडवत बसेल?

हल्लेखोरांनी अर्काइव्हमध्ये दोन गोष्टी ठेवल्या. पहिली, चित्राची फाइल, जिच्या नावाच्या अगदी शेवटी एक मोकळी जागा आहे. दुसरी, नेमक्या त्याच नावाचं, त्या मोकळ्या जागेसकट, एक फोल्डर. फोल्डरात एक स्क्रिप्ट, तिचंही नाव तेच, मोकळी जागाही तीच, फक्त पुढे सीएमडी हे विस्तारनाम (फाइलचा प्रकार सांगणारी नावाच्या शेवटची अक्षरं) जोडलेलं. डिस्कवर एकाच ठिकाणी एकाच नावाची फाइल आणि फोल्डर नांदू शकत नाहीत. अर्काइव्ह म्हणजे शेवटी नोंदींची यादी, तिथे ते खपून जातं.

वापरकर्ता चित्रावर क्लिक करतो. कोणती नोंद बाहेर काढायची हे विनरार नाव जुळवून ठरवतो. नाव दोन्हींचं सारखं, म्हणून चित्रासोबत फोल्डरातली स्क्रिप्टही तात्पुरत्या जागी येऊन पडते. डिस्कवर लिहिताना विनरार नावाच्या शेवटची मोकळी जागा गाळतो, कारण विंडोजला ती चालत नाही. पण विंडोजला ‘ही उघड’ असं सांगताना तो न गाळलेलं, मोकळ्या जागेसकटचं नाव पुढे करतो. विंडोजची फाइल उघडणारी यंत्रणा त्या नावातून विस्तारनाम शोधते. विस्तारनामात मोकळी जागा तिला मान्य नाही, त्यामुळे तिच्या लेखी या फाइलला विस्तारनामच नसतं. इथे तिने थांबायला हवं होतं. ती थांबत नाही. तिच्याकडे विस्तारनामांची एक ठरलेली यादी असते, पीआयएफ, कॉम, ईएक्सई, बॅट, एलएनके, सीएमडी, आणि त्यांतलं कुठलं लागू पडतंय का हे ती पाहत जाते. सीएमडी लागू पडतं. स्क्रिप्ट चालते, आणि तीच स्क्रिप्ट शेवटी खरं चित्रही उघडून दाखवते.

मेमरीत घुसखोरी, सांकेतिकीकरण फोडणं, असलं काहीही इथे नाही. एका नावाचा अर्थ विनरारने एक लावला, विंडोजने दुसरा, आणि त्या फटीतून हल्लेखोर आत गेले. सुरक्षा संशोधनाच्या जगात मेमरीतल्या कसरतींना फार मान असतो. इथे स्पेसबार पुरला.

जाहीर त्रुटींना दिल्या जाणाऱ्या सीव्हीई क्रमांकांपैकी या त्रुटीला सीव्हीई-२०२३-३८८३१ हा क्रमांक मिळाला.

ऑगस्टमधले तीन आठवडे

२० जुलैला दुरुस्तीची चाचणी आवृत्ती आली. २ ऑगस्ट २०२३ रोजी विनरार ६.२३ ही पक्की आवृत्ती बाहेर पडली. ग्रुप-आयबीने आपला सविस्तर अहवाल २३ ऑगस्टला प्रसिद्ध केला. मधले तीन आठवडे लोकांनी नवी आवृत्ती घ्यावी यासाठी मोकळे ठेवलेले होते.

घेतली किती जणांनी? आकडा देता येणार नाही, पण पुढे जे घडलं त्यावरून अंदाज बांधता येतो. गुगलच्या धोका-विश्लेषण गटाने नोंदवलंय की अहवाल प्रसिद्ध झाल्यावर काही तासांतच गिटहब या कोड वाटण्याच्या संकेतस्थळावर या त्रुटीची प्रात्यक्षिकं आणि बाधित अर्काइव्ह तयार करून देणारी साधनं येऊन पडली. म्हणजे आता मोकळ्या जागेची भानगड कळलीच पाहिजे असंही राहिलं नाही, नाव भरा आणि फाइल घ्या. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ही त्रुटी ‘प्रत्यक्ष वापरात असलेल्या त्रुटीं’च्या आपल्या यादीत घातली आणि तिथल्या केंद्रीय नागरी खात्यांना १४ सप्टेंबरपर्यंतची मुदत दिली.

त्याच सुमारास घडलेला एक उपप्रसंग सांगायचा मोह आवरत नाही. ६.२३ मध्ये आणखी एक गंभीर त्रुटी बुजवली होती, सीव्हीई-२०२३-४०४७७. तिची माहिती १७ ऑगस्टला जाहीर झाली. चार दिवसांनी गिटहबवर तिचं ‘प्रात्यक्षिक’ आलं. ते खोटं होतं. चालवणाऱ्याच्या संगणकात ते व्हेनमरॅट नावाचं दूरनियंत्रणाचं मालवेअर उतरवत होतं. त्रुटी कशी चालते हे शिकायला आलेल्यांसाठीच गळ टाकलेला होता. अनोळखी माणसाचा कोड आपल्या रोजच्या संगणकावर चालवू नये हे ज्यांना सर्वांत आधी माहीत असायला हवं, त्यांच्या घाईवर कुणीतरी हिशेब मांडला होता.

आता सप्टेंबर. गुगलने १८ ऑक्टोबर २०२३ रोजी जे जाहीर केलं, त्यात भुरट्या चोरांच्या जागी सरकारी पाठबळ असलेल्या टोळ्या आहेत. रशियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेशी जोडल्या जाणाऱ्या सँडवर्म गटाने युक्रेनमधल्या ड्रोन प्रशिक्षण शाळेच्या नावाने मेल पाठवले. आत अभ्यासक्रमाची पीडीएफ आणि बाधित झिप. तिच्यातून उतरत होतं ऱ्हाडामँथिस, ब्राउझरमधले पासवर्ड आणि चालू सत्रं (आधीच झालेली लॉग-इन) चोरणारं मालवेअर. ते कुणालाही ३० दिवसांसाठी २५० डॉलरपासून भाड्याने मिळत होतं. युक्रेनच्या वीजपुरवठ्यावरच्या हल्ल्यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या गटाने बाजारातलं भाड्याचं मालवेअर आणि सगळ्यांना ठाऊक झालेली त्रुटी वापरली. एपीटी-२८ या दुसऱ्या रशियन गटाने युक्रेनमधल्या एका विचारगटाच्या कार्यक्रमाचं खोटं निमंत्रण बनवलं आणि ऊर्जा क्षेत्राकडे मोर्चा वळवला. चीनशी जोडल्या जाणाऱ्या एका गटाने पापुआ न्यू गिनीला लक्ष्य केलं. गुगलच्या अहवालाखेरीज, युक्रेनच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने पुढे नोंदवल्याप्रमाणे, एपीटी-२९ या आणखी एका रशियन गटाने दूतावासांना विकाऊ बीएमडब्ल्यू गाडीची जाहिरात पाठवली, जोडपत्रात गाडीचे फोटो असल्याचं भासवून.

या सगळ्यांकडे स्वतःच्या, कुणाला माहीत नसलेल्या त्रुटी शोधण्याइतका पैसा आणि माणसं आहेत. तरी त्यांनी महिनाभरापूर्वी बुजवलेलं भगदाड निवडलं. यातून मला तरी एकच निष्कर्ष निघताना दिसतो: ते अजून बहुतेक संगणकांवर उघडंच असणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. महाग हत्यार कशाला खर्चायचं?

दुरुस्ती अडली कुठे

ब्राउझरची नवी आवृत्ती तुमच्या नकळत उतरते, तुम्ही फक्त ‘पुन्हा सुरू करा’ म्हणता. विंडोजचे अपडेट तर नको म्हटलं तरी येतात. विनरारमध्ये आपोआप अपडेट होण्याची सोय नव्हती आणि २०२५च्या दुरुस्तीच्या वेळीही नव्हती. नवी आवृत्ती हवी असेल तर ती निघाल्याचं तुम्हाला कुठून तरी कळलं पाहिजे, मग संकेतस्थळावर जाऊन फाइल उतरवायची, जुन्यावर बसवायची. सुरक्षेच्या बातम्या न वाचणाऱ्या माणसाला ती निघाल्याचं कळणार तरी कसं?

त्यात विनरारचं आणि वापरकर्त्याचं नातंच विलक्षण. चाळीस दिवसांची चाचणी मुदत संपते, खरेदी करा म्हणून एक खिडकी येते, लोक ती बंद करून पुढे वर्षानुवर्षं तोच प्रोग्राम वापरतात. इंटरनेटवरचा हा जुना विनोद आहे. पण सुरक्षेच्या नजरेतून पाहिलं तर विनोदाची दुसरी बाजू दिसते. ज्याने पैसे भरले नाहीत, खातं उघडलं नाही, नूतनीकरण केलं नाही, त्याच्यापर्यंत पोहोचायला कंपनीकडे कुठलाही धागा नसतो. संगणक विकत घेतल्यावर कुणीतरी ओळखीच्याने बसवून दिलेला विनरार हा संगणक मोडीत निघेपर्यंत त्याच आवृत्तीवर राहू शकतो.

आणि हे २०२३ मध्ये पहिल्यांदा घडत नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी विनरारमधली एक त्रुटी उघड केली होती, सीव्हीई-२०१८-२०२५०. एस या जुन्या प्रकारची अर्काइव्ह उघडणारी एक लायब्ररी (तयार कोडचा संच) विनरारमध्ये होती, तिच्यातून फाइल वापरकर्त्याने सांगितलेल्या जागेऐवजी भलतीकडे, उदाहरणार्थ लॉग-इन होताच ज्यातल्या फाइली आपोआप चालतात त्या स्टार्टअप फोल्डरात, टाकता येत होती. संशोधकांच्या म्हणण्याप्रमाणे ही त्रुटी १९ वर्षं तिथे होती. विनरारच्या निर्मात्यांकडे त्या लायब्ररीचा मूळ कोडच नव्हता, म्हणून त्यांनी ५.७० आवृत्तीत एसचा आधारच काढून टाकला. निर्णय चोख होता. तरी मॅकॅफी या सुरक्षा कंपनीने पहिल्या आठवड्यातच या त्रुटीचा वापर करणारे शंभराहून अधिक वेगवेगळे नमुने मोजले. एका नमुन्यात एका लोकप्रिय गायिकेच्या अल्बमची चोरटी प्रत होती: गाणी खरी, सोबतचं मालवेअरही खरं.

म्हणजे दुरुस्ती निघते पण पोहोचत नाही, हे २०१९ मध्येच दिसलं होतं. बैल गेल्यावर झोपा केला असं आपण म्हणतो. इथे झोपा वेळेत तयार होत होता, गोठ्यापर्यंत न्यायला कुणी नव्हतं.

अशा प्रकरणांत ‘वापरकर्ते निष्काळजी असतात’ हे वाक्य हटकून येतं. मला ते आळशी वाटतं. ज्या प्रोग्रामने आपली आवृत्ती जुनी झाल्याचं कधी सांगितलंच नाही, त्याच्या जुनेपणाचं खापर वापरणाऱ्यावर कसं फोडायचं? कार्यालयांत मात्र थोडं वेगळं आहे. तिथे संगणक विभाग असतो, कोणत्या संगणकावर काय बसवलंय याची यादी असायला हवी असते. पण विनरार बहुधा त्या यादीत नसतोच, कारण तो विभागाने बसवलेला नसतो. कुणाला तरी एक रार फाइल (विनरारच्या स्वतःच्या प्रकारचं अर्काइव्ह) उघडायची होती, त्याने दुपारी उतरवून घेतला, झालं.

सांगावं की झाकावं

ग्रुप-आयबीने अहवाल काढला नसता तर गिटहबवरची साधनं आली नसती, असा आक्षेप घेता येतो, आणि तो अगदीच फोल नाही. मूठभर जण वापरत होते ती युक्ती एका दिवसात सर्वांच्या हाती गेली, असं म्हणता येईल. 

मला तो पटत नाही, आणि त्याचं कारण याच प्रकरणात आहे. आपोआप अपडेट होणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तीन आठवडे गप्प राहण्याला अर्थ असतो, कारण तेवढ्यात बहुतेक यंत्रं दुरुस्त झालेली असतात आणि मग तपशील उघड केल्याने फारसं बिघडत नाही. विनरारच्या बाबतीत तीन आठवडे थांबा किंवा तीन महिने, मधल्या काळात आपसूक काहीच होत नाही. लोकांना हलवायला बातमी हाच एकमेव मार्ग उरतो, आणि बातमी मित्राला कळते तशीच शत्रूलाही. एप्रिलपासून लुटले जाणारे लोक आधीच होते, हेही विसरायला नको. तपशील किती द्यावा यावर वाद होऊ शकतो. पण तपशील दिला नसता तरी दुरुस्त केलेली आणि जुनी आवृत्ती शेजारी ठेवून काय बदललं हे शोधणं जाणकाराला कठीण नसतं.

चांगल्या सवयींची मर्यादा

२०२३च्या प्रकरणानंतर एक सल्ला सर्रास दिला गेला: अर्काइव्हच्या आतच फाइलवर डबल-क्लिक करू नका, आधी सगळं एका फोल्डरात सोडवा, मग काय आलंय ते बघा. त्या त्रुटीपुरता सल्ला बरोबर होता. सोडवल्यावर खेळ उघडा पडायचा.

मग आला जुलै २०२५. ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना १८ जुलैला विनरारमधली एक नवी, तोवर अज्ञात त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली जाताना दिसली. पुढे तिला सीव्हीई-२०२५-८०८८ हा क्रमांक मिळाला. रोमकॉम नावाचा रशियाच्या बाजूचा मानला जाणारा गट युरोप आणि कॅनडातल्या वित्त, उत्पादन, संरक्षण आणि मालवाहतूक क्षेत्रांतल्या कंपन्यांना नोकरीचे अर्ज पाठवत होता. अर्काइव्हमध्ये उमेदवाराचा बायोडेटा. मनुष्यबळ विभागात बसलेल्या माणसाचं कामच अनोळखी लोकांचे बायोडेटा उघडणं आहे, त्याला ‘अनोळखी जोडपत्र उघडू नका’ असं सांगून काय उपयोग?

या वेळी फसवणूक सोडवण्याच्या क्रियेतच होती. विंडोजच्या एनटीएफएस फाइल व्यवस्थेत प्रत्येक फाइलला मुख्य मजकुराखेरीज जोडप्रवाह ठेवता येतात. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज जी खूण लावते, तीही अशाच एका जोडप्रवाहात असते. बायोडेटाच्या फाइलीला हल्लेखोरांनी असे अनेक जोडप्रवाह लावले आणि त्यांच्या नावांत एकेक पायरी वर जाणारे मार्ग लिहिले. बायोडेटा सोडवला की एक डीएलएल (चालवता येणाऱ्या कोडची फाइल) तात्पुरत्या फोल्डरात आणि एक शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरात जाऊन बसायचा. पुढच्या वेळी लॉग-इन केलं की काम सुरू. यात कौतुक करावं की चिडावं असा एक बारकावा आहे. त्यांनी मुद्दाम बरेच चुकीच्या मार्गांचे प्रवाहही घातले होते, त्यामुळे विनरार निरुपद्रवी वाटणाऱ्या इशाऱ्यांची लांबलचक यादी दाखवायचा आणि खरी संशयास्पद ओळ खाली दडून राहायची. इशारे कोण शेवटपर्यंत वाचतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

ईसेटने २४ जुलैला कळवलं, त्याच दिवशी चाचणी आवृत्ती निघाली, ३० जुलैला ७.१३ ही पक्की आवृत्ती आली. या वेगाला दाद द्यायलाच हवी. ईसेटच्या नोंदींनुसार तिने पाहिलेल्या लक्ष्यांपैकी कुणीही प्रत्यक्षात बळी पडलं नाही. पण ज्याने २०२३ चा सल्ला इमानाने पाळून आधी सोडवायची सवय लावून घेतली, तो २०२५ मध्ये नेमका तीच कृती करत होता जी हल्लेखोराला हवी होती. सवय ही बहुतेक वेळा मागच्या त्रुटीवरून शिकलेली असते. नवी आवृत्ती निघताच बसवली असती तर दुरुस्तीनंतरच्या हल्ल्यांपुरतं दोन्ही वेळा काम भागलं असतं.

प्रशासकाचे अधिकार नसलेलं साधं खातं वापरा, हाही एक चांगला सल्ला, आणि तोही इथे अपुरा पडतो. स्टार्टअप फोल्डर प्रत्येक वापरकर्त्याचा स्वतःचा असतो, त्यात फाइल टाकायला प्रशासकाची परवानगी लागत नाही. ब्राउझरमधले पासवर्ड आणि सत्रं तर तुमच्या स्वतःच्या खात्यातच असतात. सल्ला सोडू नका, त्यातून नुकसान पसरण्याला आळा बसतो. फक्त या हल्ल्यांच्या पहिल्या घावाला तो अडवत नाही.

मग करायचं काय

विनरार असेल तर मदत मेनूतून त्याची माहिती उघडा आणि आवृत्ती पाहा. ७.१३ च्या खालची असेल तर आजच बदला. नवी आवृत्ती अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या आणि पत्ता नीट वाचा, कारण नावाशी मिळतीजुळती बनावट संकेतस्थळं विनरारच्या नावाने मालवेअर वाटताना सापडली आहेत. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून उतरवू नका. विंडोजमधलं विनगेट हे साधन वापरायची तयारी असेल तर बसवलेले बरेचसे प्रोग्राम एका आज्ञेत अद्ययावत करता येतात, विनरारही त्यात येतो.

त्याहून बरा प्रश्न असा: तो हवाच आहे का? विंडोज ११ ला २०२३च्या शरद ऋतूपासून रार फाइली स्वतः उघडता येतात. महिन्यातून एकदा रार फाइल येत असेल तर विनरार काढून टाकला तरी चालेल. विंडोजची ती सोय लिबअर्काइव्ह या मुक्त लायब्ररीवर उभी आहे, आणि तिच्यातही त्रुटी निघाल्या. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोन बुजवल्या. पण त्या दुरुस्त्या नेहमीच्या विंडोज अपडेटमधून आपोआप आल्या, लोकांना त्या निघाल्याचं कळलंही नाही. माझ्या मते निवड करताना हाच निकष लावावा: त्रुटी कमी कुठे आहेत यापेक्षा दुरुस्ती माझ्यापर्यंत स्वतःहून येते का. सेव्हन-झिपवर गेल्याने या बाबतीत फरक पडत नाही, आपोआप अपडेट तिथेही नाहीत. त्यातल्या सीव्हीई-२०२५-०४११ या त्रुटीमुळे इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवरची खूण पुढे उतरत नव्हती, आणि २४.०९ आवृत्तीत दुरुस्त होण्याआधी तिचाही युक्रेनमध्ये वापर झाला होता.

संशयास्पद अर्काइव्ह उघडलंच असेल तर संगणक आधी नेटवर्कपासून तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून कामाला लागा: मुख्य ईमेलचा पासवर्ड सर्वांत आधी बदला, कारण बाकीच्या खात्यांच्या चाव्या तिथूनच मिळतात, आणि प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरा. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात. चोरलेलं सत्र म्हणजे आधीच झालेलं लॉग-इन; हल्लेखोराला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. बँक, दलाल, क्रिप्टो वॉलेट यांना लगेच कळवा. स्टार्टअप फोल्डर उघडून तिथे अनोळखी शॉर्टकट आहे का पाहता येईल, पण काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. आवश्यक कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने बसवणं हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय आहे.

एक गोष्ट मात्र एकट्या वापरकर्त्याच्या हाताबाहेर आहे. २०२५ ची त्रुटी फक्त विनरारमध्ये नव्हती. विंडोजवरच्या अनरार या साधनात आणि अनरार डीएलएल या लायब्ररीतही होती. लिनक्ससारख्या प्रणालींवरच्या आणि अँड्रॉइडच्या आवृत्त्या यातून सुटल्या. रार फाइली उघडता याव्यात म्हणून इतर कंपन्याही ही लायब्ररी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालतात. अशा ठिकाणी विनरार अद्ययावत केल्याने काहीच बदलत नाही, कारण प्रत्येक प्रोग्राम आपली स्वतःची प्रत बाळगून असतो आणि तिची आवृत्ती मेनूत सहसा दिसत नाही. त्या त्या निर्मात्याने नवी प्रत घालून स्वतःचं अपडेट काढावं लागतं. कार्यालयात सॉफ्टवेअर खरेदीची जबाबदारी तुमच्याकडे असेल तर पुरवठादाराला लेखी विचारा: तुमच्या प्रोग्राममध्ये अनरार आहे का, असेल तर कोणती आवृत्ती, आणि त्यात दुरुस्ती आली की आमच्या संगणकापर्यंत ती कशी पोहोचेल.